पर्णवटवट्याची शहानिशा

पक्षी येण्याआधी मनोरमाने मान वळवली. घडले ते एवढेच. पण गुणवंत पाटणकरांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी पोहोचता पोहोचता थांबला. कारण गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या करवंटीवर त्या वेळी कोणीही नव्हते. करवंटीत पेरूची फोड होती, खाली पाण्याची मातीची थाळी होती आणि पलीकडे भाईंदरच्या इमारतींच्या फटींतून उतरलेला माघातला धुरकट उजेड होता. मनोरमा मेथी निवडत होती. तिची बोटे देठावर थबकली, मान डावीकडे वळली, आणि नंतर, निःसंशय नंतर, चष्मेवाला आला. डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला तो अंगठ्याएवढा पिवळट पक्षी करवंटीच्या काठाला उलटा लोंबकळला, त्याने पेरूला दोनचार चोची मारल्या आणि तो उडून गेला. तोवर मनोरमा पुन्हा मेथीत गुंतली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारले.

"कुठे काय?"

"तू तिकडे बघितलंस."

"मान अवघडली असेल. चहा निवतोय तुमचा, अहो."

अवघडली असेल! स्वतःच्या मानेविषयी माणसाला अंदाज बांधावा लागत नाही. ती एकतर अवघडते किंवा अवघडत नाही. गुणवंतरावांनी कप खाली ठेवला आणि पत्नीच्या चेहऱ्याकडे, अनोळखी चिन्हाकडे पाहावे तसे, सावकाश पाहिले. त्यांचे उभे आयुष्य ट्रेडमार्क नोंदणीच्या कचेरीत परीक्षक म्हणून गेले होते. साबणाच्या दोन वेष्टनांवरचे दोन मोर, उदबत्तीच्या दोन पुड्यांवरच्या दोन घंटा, चहाच्या दोन डब्यांवरचे दोन हत्ती: त्यांच्यात किती फरक आहे आणि तेवढा फरक घाईतल्या गिऱ्हाइकाला दिसेल काय, हे ठरवणे त्यांचे काम. साम्य सहसा आपोआप घडत नाही, ते कोणीतरी कोणाच्या तरी डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी घडवलेले असते, हा सिद्धान्त तिथे त्यांच्या रक्तात मुरला. निवृत्तीनंतर पक्ष्यांकडे वळताना त्यांनी मोर, गरुड, रोहित असले डोळ्यांत भरणारे पक्षी दुसऱ्यांसाठी सोडले आणि पर्णवटवट्यांचे कुळ आपल्याकडे घेतले ते याच स्वभावाला धरून. हे पक्षी पानाएवढे, पानाच्या रंगाचे आणि पानाहून चंचल. भुवईवर फिकट रेघ, पंखावर पुसट पट्टी. हिवाळा सरत आला की पिसे झिजून तीही नाहीशी होते. त्यातले दोघे तर असे की हातात धरूनही हमी देऊ नये. एक हिमालयातून उतरतो आणि इकडे सर्वत्र हिवाळा काढतो. दुसरा त्याहून पश्चिमेच्या पर्वतांतून येतो आणि या भागात क्वचित, वाटेवरचा पाहुणा म्हणून सापडतो. फरक हाकेत. पहिला आपली हाक दोन तुकड्यांत मोडतो, दुसरा तीन तुकड्यांत. बाकी सारी वकिली.

आणि नेमका हाच वाद सध्या त्यांच्यापुढे होता. शहरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाने परिसरातल्या पक्ष्यांची पक्की नोंद करायला घेतली होती आणि शंकास्पद नोंदींवर शेवटचा शब्द गुणवंतरावांचा होता. काशीगावच्या डोंगराकडच्या अंगाला राहणाऱ्या रसिका मांडवकर नावाच्या मुलीने तीन तुकड्यांचा पर्णवटवट्या नोंदवला होता. ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वडील रत्नागिरीकडचे, रंगकामाची कंत्राटे घेणारे. तिच्या आधीच्या दोन नोंदीही गुणवंतरावांनी अमान्य केल्या होत्या, कारण सांगितलेल्या जागी जाऊन ते तासभर उभे राहिले होते आणि पक्षी बोलला नव्हता. या खेपेला मुलीने ध्वनिमुद्रण पाठवले. त्यांनी ते मोबाइलवर तीनदा वाजवले. दूरच्या महामार्गाची घरघर होती, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होती, खोकणारा म्हातारा होता. पक्षी नव्हता. रिकामे पाकीट पाठवून आत हुंडी होती असे सांगण्याचा हा प्रकार! त्यांनी मंडळाला कळवले की ध्वनिमुद्रणात पक्षी नसल्याने नोंद करणाऱ्या व्यक्तीच्या विश्वासार्हतेचाच फेरविचार व्हावा. हे वाक्य त्यांनी दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिले होते आणि त्याच्या तोलाविषयी ते समाधानी होते. ते मान्य झाले असते तर रसिकाच्या साऱ्या जुन्या नोंदींवर संशयाची खूण पडली असती आणि तिला कोणी पुन्हा सोबत नेले नसते. या छंदात माणसाजवळ दुसरे काही नसतेच. मी पाहिले, मी ऐकले, हा शब्द. तो एकदा खोटा ठरला की दुर्बीण विकून टाकावी.

पण मंडळ चालवणाऱ्या नीरजने पत्राला उत्तर देण्याऐवजी फोन केला होता. "काका, ते रेकॉर्डिंग एकदा हेडफोन लावून ऐकता का? म्हणजे, माझंच चुकत असेल. पण आम्हाला इथे ऐकू येतंय." नीरज एरवी वाद घालणारा, आवाज चढवणारा. त्या दिवशी मात्र त्याच्या बोलण्यात रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा मऊपणा होता. गुणवंतरावांनी तो ताबडतोब हेरला. आम्हाला म्हणजे कोणाला? आणि चूक माझी असेल असे म्हणणारा माणूस चूक दुसऱ्याची आहे असे ठरवूनच फोन करतो. हेडफोन त्यांनी लावला नाही. कशासाठी लावावा? त्यांचे कान ठणठणीत होते. दाराची घंटा त्यांना ऐकू येई. खालच्या मजल्यावरच्या बंटीची मोटारसायकल तर झोपेतही ऐकू येई. कबुतरांच्या घाणीबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीने गॅलरीतल्या करवंटीवर जे तोंडसुख घेतले होते ते जिन्यातून चढता चढता त्यांना शब्दशः ऐकू आले होते. ज्याला इतके ऐकू येते त्याला एक वटवट्या ऐकू येत नसेल, तर वटवट्या तिथे नाही. या अनुमानात त्यांना कुठेही फट दिसत नव्हती.

म्हणून त्यांनी संशयाचा रोख मनोरमेकडे वळवला. पुढचे काही दिवस ते सकाळी आतल्या खोलीत पेपर उघडून बसत आणि पेपराच्या कडेवरून गॅलरीतल्या तिच्याकडे पाहत. दर वेळी तेच. आधी तिची मान, मग पक्षी. शिंजीर येण्याआधी ती उजवीकडे पाही आणि शिंपी पक्षी येण्याआधी कुंडीतल्या लिंबाकडे. एकदा तिने मान वळवली आणि काहीच आले नाही. गुणवंतराव मनातून हर्षित झाले, सिद्धान्ताला तडा गेला. पण थोड्या वेळाने त्यांना दिसले की शिंपी शेजारच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर शेपटी उडवत बसला आहे. हिला पक्ष्यांचा सोस नव्हता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने एकाही पक्ष्याचे नाव आपणहून उच्चारले नव्हते. मग ही विद्या कुठून आली? आणि आली तर ती लपवावी का लागते?

इथवर आल्यावर त्यांना तो पहाड आठवला, आणि आठवला तो सुखाने नव्हे. हिमालयात, मुन्स्यारीच्या वरच्या अंगाला, वैशाखात, बांज आणि बुरांसच्या जंगलातून नीरजच्या मंडळींना घेऊन ते चालले होते. खाली ढग होते, वर वितळत्या बर्फाची पांढरी रेघ, आणि मधल्या त्या ओलसर हिरव्या अंधारात नखाएवढे पक्षी पानापानांतून सांडत होते. तिथे डोळ्यांचा उपयोग नसतो; तिथे कान चालतात. गुणवंतराव मध्येच हात वर करीत, सगळे थांबत, आणि ते बोट दाखवीत: उजवीकडे, वरच्या फांदीवर. पक्षी तिथे असेच. पोरे चकित होत. "काकांचे कान म्हणजे कान आहेत!" रात्री शेकोटीभोवती कोणीतरी म्हणाले होते, आणि त्यांनी विनयाने ज्वाळांकडे पाहिले होते. पण त्या वाटेवर मनोरमा कुठे होती? त्यांनी ते दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे मांडले, परीक्षकाच्या टेबलावर मांडावे तसे. ती त्यांच्या उजव्या हाताला होती. वाट अरुंद होती, दोघांनी जोडीने चालावे अशी नव्हतीच. तरीही ती अर्धे पाऊल पुढे, तपकिरी शाल लपेटून, त्यांच्या नजरेच्या कोपऱ्यात. शाल हले. शालीची कड हनुवटीबरोबर वर जाई. आणि मग ते हात वर करीत. प्रश्न असा होता की त्यांनी हात वर केला तो काही ऐकून की शाल हललेली पाहून? आठवणीत तो पहाड विलक्षण शांत होता. ओढ्याचा खळाळ होता, बुटांखालच्या पानांचा आवाज होता, नीरजचे हसणे होते; आणि त्या साऱ्याच्या वर, जिथे हजारो पक्षी ओरडत असणार, तिथे स्वच्छ पुसलेली पाटी होती. त्यांनी घाईने ते दृश्य बंद केले. आठवणीला आवाज नसतात, त्यांनी स्वतःला बजावले. मग खोकणारा म्हातारा कसा आठवतो, असे आतून कोणीतरी विचारले, पण तो प्रश्न त्यांनी अप्रस्तुत ठरवला. प्रस्तुत प्रश्न वेगळा होता. ही बाई इतकी वर्षे आपल्याला चालवीत होती काय? कळसूत्री बाहुलीच्या हाताला बांधलेला दोरा बाहुलीला दिसत नाही म्हणून?

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून मनोरमेचा फोनवरचा दबका आवाज आला. "नाही गं रसिका. तू नको सांगूस. मी आहे ना सोबत. हो, येतील ते. मी आणते." भिंतीआडून आलेले ते शब्द त्यांना स्पष्ट ऐकू आले आणि याचे दुहेरी समाधान वाटले: कान शाबूत होते आणि कट उघड झाला होता. त्यांनी आत जाऊन शांतपणे विचारले, "कोणाचा फोन?"

"रसिकाचा. रविवारी काशीगावला या म्हणतेय. पक्षी अजून आहे तिथे, त्याच करंजाच्या झाडावर. जाऊया आपण."

"आपण?"

"मग काय झालं? घरात बसून कंटाळले मी."

"पक्ष्यासाठी?"

"तुमच्यासाठी," असे म्हणून ती कणिक मळू लागली. या उत्तरालाही दोन पदर होते. त्यांनी ते दोन्ही तपासले आणि दोन्ही राखून ठेवले. रविवारी काय घडेल याचा नकाशा त्यांच्या मनात तयार झाला. मुलगी खिशातल्या मोबाइलवरून हाक वाजवील. मनोरमा मान डोलावील. दोन साक्षीदार, एकाच भाषेत, आगाऊ ठरवून. अशा साक्षी त्यांनी कचेरीत पुष्कळ पाहिल्या होत्या.

रविवारी सकाळी रिक्षात बसताच रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्या गळ्यातली दुर्बीण पाहिली. "अंकल, तेंदुआ देखने जा रहे हो क्या? उधर दिखता है कभी कभी."

"बिबट्या? नहीं. चिड़िया."

"चिड़िया? उसके लिए इतनी सुबह आंटी को भी उठाया?"

मनोरमा हसली. "आंटी ने ही उठाया है भैया, अंकल को," ती म्हणाली, आणि गुणवंतरावांनी हे वाक्यही पुराव्यात जमा केले.

महामार्ग ओलांडून रिक्षा आत वळली. नवे टॉवर मागे पडले, कौलारू घरे आली, कोंबड्या आल्या, आणि मागे डोंगराचा काळसर हिरवा उतार उभा राहिला. रसिका करंजाखाली थांबलीच होती. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेली. तिने वाकून दोघांना नमस्कार केला आणि सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या नजरेत नमस्काराचा अंशही उरला नव्हता.

"काका, आधी हे धरा." तिने मोबाइल बंद केला आणि त्यांच्या हातात दिला. "माझ्याकडे दुसरा नाही. पर्स काकूंकडे देते. अजून झडती घ्यायची असेल तर सांगा."

"मी तसं काही म्हटलं नव्हतं."

"पत्रात नाही, पण विश्वासार्हता म्हटलंत. मी डिक्शनरीत बघितलं नाही, पण समजलं मला."

"रसिका," मनोरमा म्हणाली.

"नाही काकू, बोलू द्या. मी रोज दुसऱ्यांचं रक्त तपासते. शंभरातल्या एकाचा रिपोर्ट चुकला तर मला नोकरीवरून काढतील. आणि हे म्हणतात मी पक्षी बनवते. मला त्यातून काय मिळणार, सांगा! काका, तुम्ही आता त्या पक्ष्यालाच नोटीस पाठवा, कचेरीत हजर राहा म्हणून."

गुणवंतरावांना हसू आले असते. पण उलटतपासणीत हसणाऱ्याचा मुद्दा दुबळा होतो. ते करंजाकडे वळले. झाड दाट होते. पानापानांवर तिरपे ऊन पडत होते आणि प्रत्येक पान कोणत्याही क्षणी पक्षी होऊ शकेल असे दिसत होते. ते उभे राहिले. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी जाता जाता थांबली, तिनेही वर पाहिले. "काय हाय वर? माकड?" "न्हाय आजी, पाखरू," रसिका म्हणाली. "पाखरू?" म्हातारीने तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि वाट धरली. मागे कुत्रा भुंकला. कोणीतरी बादली आपटली. गुणवंतरावांना सारे ऐकू येत होते. एकेक आवाज त्यांनी नीट वेगळा करून बाजूला ठेवला.

"आता," रसिका कुजबुजली. "आता बोलला. ऐकलंत?"

त्यांनी ऐकले नाही. मोबाइल त्यांच्याच मुठीत, थंड आणि बंद होता. त्यांनी झाडाकडे पाहिले नाही, मनोरमेकडे पाहिले. तिची हनुवटी वर गेली होती, शालीची कड हलावी तशी. आणि त्यांची नजर आपल्यावर आहे हे ध्यानी येताच ती हनुवटी अगदी सावकाश, काही झालेच नाही अशा बेताने, खाली आली. तिने पदर खांद्यावर सारखा केला.

"काकू, तुम्ही ऐकलं ना?" रसिकाने विचारले.

"नाही गं," मनोरमा म्हणाली. "मला नाही काही ऐकू आलं."

रसिकाचा चेहरा पांढरा पडला. ती काकूंकडे अशी पाहू लागली की जणू पायाखालची फळी कोणी काढून घेतली. साक्ष फुटली होती. आगाऊ ठरवलेला साक्षीदार उलटला होता, आणि तोही गुणवंतरावांच्या बाजूने. त्यांना आनंद व्हायला हवा होता. कटाचा त्यांनी जो नकाशा काढला होता त्यात हे वळण नव्हते. कट असता तर तिने हो म्हटले असते. ती नाही म्हणाली, आणि ते खोटे होते. दोन मोरांतला, दोन घंटांतला, दोन हत्तींतला फरक ज्याने हयातभर पारखला त्याला हे खोटे ओळखायला क्षणही लागला नाही. प्रश्न फक्त एवढाच उरला की ते कोणासाठी होते. त्या समोरच्या मुलीचा शब्द मोडून, तिचे नाव बुडवून, मनोरमा कोणाचे काय वाचवीत होती? उत्तर इतके जवळ होते की त्यांना पाठ फिरवता येईना. म्हणून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, कारण दुर्बिणीच्या मागे माणसाचा चेहरा कोणाला दिसत नाही.

पाने आली, पाने सरली, फांदी, पुन्हा पाने. मग एक पान वळले आणि त्याला डोळा होता. भुवईवर फिकट रेघ, पोटाशी पिवळसर झाक. एवढ्यावर काहीच सिद्ध होत नव्हते. तो फांदीवर उतरला, पंख झटकले, मान किंचित वर केली आणि चोच उघडली. त्याचा गळा थरथरला. कंठाखालची बारीक पिसे उभी राहिली, इतकी की त्यांच्या मुळांतला राखी रंग दिसावा. चोच उघडली आणि मिटली, उघडली आणि मिटली. सगळे शरीर त्या हाकेला वाहिलेले होते. आणि काचेच्या या बाजूला काहीही आले नाही. बादली आपटली ती आली. कुत्रा भुंकला तो आला. डोळ्यांदेखत ओरडणारा तो जीव तेवढा, जाड भिंतीपलीकडे असल्यासारखा, निःशब्द होता. गुणवंतराव पाहत राहिले. गळा पुन्हा थरथरला. थरथरीत तुकडे मोजता येत नव्हते. दोन असतील, तीन असतील. ज्या एका गोष्टीवर सगळी नोंद टेकली होती ती गोष्ट डोळ्यांनी कळणारी नव्हती, आणि ज्याने ती कळते ते त्यांच्यापाशी नव्हते. किती काळापासून नव्हते हे विचारायचे धैर्य त्या क्षणी त्यांना झाले नाही. संशय घेण्यासारखे अजूनही पुष्कळ होते. मुलगी, झाड, ऊन, पत्नी, स्वतःचा डोळा. त्यांनी त्यातला एकेक उचलून पाहिला. एकही हातात टिकला नाही.

"मनोरमा," दुर्बीण न काढता ते म्हणाले. "किती?"

तिने पदर पुन्हा सारखा केला.

"दिसतोय मला. बोलतोय तो. हाक किती तुकड्यांत मोडतोय ते सांग."

त्यांच्या डाव्या खांद्यापाशी तिचा श्वास अडकला आणि सुटला. तो मात्र त्यांना ऐकू आला. करंजावरचा पक्षी अजून तिथेच होता.

"तीन," मनोरमा म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दुर्बीण खाली केली. डोळ्यांभोवती रबराचे वळ उमटले होते आणि उजेड जरा जास्तच झोंबला. त्यांनी रसिकाचा मोबाइल तिच्या हातात परत दिला. तिने तो घेतला, पण नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलवली नाही. तिच्या डोळ्यांतला राग अजून जागेवरच होता, फक्त त्याला आता कुठे जावे ते कळत नव्हते.

"नोंद लाव," ते म्हणाले. "नीरजला मी कळवतो, आज. ते पत्र परत घेतो. आणि तुझ्या आधीच्या दोन, ज्या मी नाकारल्या, त्याही पुन्हा काढायला सांगतो. त्या मी तपासणार नाही. दुसऱ्या कोणीतरी तपासायच्या."

"काका..."

"पुरं ऐक. ऐकणाऱ्यांत तुझं नाव, आणि हिचं. मनोरमा गुणवंत पाटणकर. पूर्ण लिही."

"अहो, मी कशाला?" मनोरमा म्हणाली. "मला कुठे पक्ष्यांतलं कळतं?"

रसिकाने मोबाइल चालू केला. अंगठा क्षणभर वर धरून तिने विचारले, "आणि तुमचं?"

करंजातून काहीतरी उडाले. मनोरमेची मान त्याच्यामागे गेली आणि या वेळी ती परत खाली आली नाही.

"माझं पाहणाऱ्यांत," गुणवंतराव म्हणाले.